भिंतीवरची टकटक

“तुमच्या आजीबाईंना जरा हळू बोलायला सांगता का?”

माझ्या इटालियनच्या वर्गाच्या दारात एक उंच माणूस उभा होता. हातात फळ्यावर वर्तुळं काढायचा लाकडी कंपास, बाही खडूने पांढरी झालेली, आणि चेहरा असा... रागावलाय म्हणावं तर रागावलेला नाही, पण विनंतीही नाही. पडदा दाराच्याच भिंतीवर होता, त्यामुळे त्याला तो दिसत नव्हता. नुसता आवाज येत होता. पडद्यावर एक इटालियन आजी स्वयंपाकघरात कणीक मळत तोंडाचा पट्टा सोडून बोलत होती.

“त्या माझ्या आजीबाई नाहीत,” मी म्हटलं. “आणि त्यांना सांगायचं तर इटालियनमध्ये सांगावं लागेल. तुम्ही सांगता?”

सगळा वर्ग खुदकन हसला. तो नाही हसला. पण वळताना त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला, तेवढं मात्र मी पाहिलं. पाहायला नको होतं.

तो शेजारच्या वर्गातला गणिताचा नवा सर. मुलं त्याला कंपास सर म्हणायची. आमच्या दोन वर्गांमधली भिंत म्हणजे नावाची भिंत, प्लायवूडला रंग फासलेला. माझ्या व्हिडिओतली आजी शिंकली तरी त्याच्या वर्गात ऐकू जायची. गोष्ट मोठ्या बाईंच्या कानावर गेलीच. संस्था त्यांची, शब्दही त्यांचाच. पुन्हा तक्रार आली तर पडदा काढायचा आणि पुस्तकावरून शिकवायचं, असं त्यांनी मला सरळ बजावलं.

मागच्या वर्षी पुस्तकावरून शिकवलं, तर अर्धा वर्ग हळूहळू गळून गेला होता. मी स्वतः कधी इटलीत पाऊल ठेवलेलं नाही. माझी इटली म्हणजे इंटरनेटवरच्या त्या आजीचं स्वयंपाकघर. आणि पहिल्या बाकावर शिंपीणकाकू बसायच्या, दिवसभर मशीन चालवून दमलेल्या. मुलगा तिकडे स्थायिक, नात फक्त इटालियन बोलते. “फोनवर ती बोलते आणि मी नुसती हसते हो,” त्या एकदा म्हणाल्या होत्या. वर्ग बंद पडला तर त्या आयुष्यभर नुसत्याच हसणार होत्या.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत कंपास सरांकडे गेले. भांडायचंच ठरवून गेले होते, पण तो ऐकूनच घेत होता, त्यामुळे भांडण काही रंगेना. शेवटी त्याने सुचवलं, की तासाच्या शेवटी त्याची मुलं गणितं सोडवतात, तेव्हा आवाज झाला तरी चालेल. तो भिंतीवर दोनदा टकटक करील, की मी आवाज लावायचा.

“आणि तोपर्यंत काय, मुका सिनेमा दाखवू?”

“दाखवून तर बघा,” तो म्हणाला. “मला आपलं वाटलं...”

मी निव्वळ खुन्नस म्हणून दाखवला. आणि काय सांगू, आमचा सगळा वर्ग त्या दिवशी पुढे सरकून बसला. आवाज गेल्याबरोबर हात दिसायला लागले. बोटं जुळवून वर-खाली हलवणारा हात, गालावर फिरणारं बोट, खांदे, भुवया... मी इतकी वर्षं ही भाषा शिकवत होते आणि अर्धी भाषा मी पाहिलीच नव्हती. “ती रागावलेली नाही, कौतुक करतेय,” काकू म्हणाल्या. मग प्रत्येकाने तिच्या तोंडी आपापलं इटालियन वाक्य घातलं. एवढ्यात टकटक झाली. मी आवाज लावला, आणि आजी अगदी काकूंच्याच शब्दांत कौतुक करत होती. माझ्या अंगावर काटा आला.

तेव्हापासून आमचा वर्ग असाच चालू लागला. आधी बघायचं, मग बोलायचं, मग टकटकीची वाट बघायची.

बिनआवाजाचं पाहताना आणखी कोणीतरी दिसलं. आजीच्या शेजारी एक आजोबा. ते कधीच काही बोलत नाहीत. पण आजीने हात लांब करायचा अवकाश, चमचा, चाळणी, फडकं, जे हवं ते तिच्या हातात आलेलं असतं. आणि ती न बघताच म्हणते, “एक्को.” म्हणजे, हे बघ, आलंच.

कंपास सर आता तास सुटल्यावर जिन्यात रेंगाळायचा. आजीची खबरबात विचारायचा. ती सारखं एक्को, एक्को का म्हणते, असंही विचारायचा. वर्गात येऊन बघा, मी म्हणायचे. मुलांना अर्ध्या गणितात सोडून कसं येणार, तो म्हणायचा... आणि माझ्याकडे बघता बघता पायरी चुकायचा. एकदा तो तापाने आला नाही. टकटक नाही. माझं शिकवण्यात लक्षच लागेना.

“बाई,” शिंपीणकाकू म्हणाल्या, “तिकडे काय बघताय? पडदा या भिंतीवर आहे.”

आणि मग परीक्षा जवळ आली. गणिताच्या मुलांच्या पालकांनी आवाजाची तक्रार केली. मोठ्या बाई म्हणाल्या, उद्या मी स्वतः वर्गात बसते आणि काय ते ठरवते. कंपास सर तर परीक्षेमुळे पूर्ण तास शिकवणार होता. म्हणजे टकटक होणारच नव्हती.

मोठ्या बाई शेवटच्या बाकावर बसल्या. मी मुका व्हिडिओ लावला.

“आवाज कुठाय?” त्यांनी विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात काकू उठल्या. पडद्यावरच्या आजीच्या हातांबरोबर त्यांचे सुईने टोचलेले हात हलायला लागले, आणि तोंडातून इटालियन... धडाधड, न अडखळता, हसत, लटकं रागावत. जणू समोर नात बसली होती. सगळा वर्ग श्वास रोखून बघत होता. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला.

आणि भिंतीवर टकटक झाली. दोनदा.

मी आवाज लावला. थोड्या वेळाने दार ढकलून तो आत आला. मुलांना अचानक चाचणी सोडवायला देऊन आलो म्हणाला, आता ती मान वर करायची नाहीत. तो आत आला, वळला, आणि त्याने पहिल्यांदाच पडदा पाहिला.

पाहतच राहिला. आजीने हात लांब केला, आजोबांनी त्यात लाटणं ठेवलं. एक्को.

“हे... हे आजोबा रोज असतात?”

“रोज.”

“मला वाटायचं ती एकटी आहे,” तो हळूच म्हणाला. “एकटी म्हणूनच इतकी बोलते. इतके दिवस मला तिचं वाईट वाटत होतं. आणि हा माणूस सगळा वेळ शेजारीच उभा...”

“एक शब्द न बोलता,” मी म्हटलं.

म्हटलं आणि माझं मलाच काहीतरी कळलं. मला तरी इतके दिवस काय वाटत होतं? की या वर्गासाठी मी एकटीच झगडतेय. आणि पातळ भिंतीपलीकडे हा माणूस रोज माझ्यासाठी वेळ राखून ठेवत होता.

मोठ्या बाई उठल्या. वर्ग चालू राहील, पडदाही राहील, पालकांशी मी बोलते, त्या म्हणाल्या. “टकटक मात्र पुरे. रंगाचे पोपडे निघालेत.”

वर्ग रिकामा झाला. काकूंनी जाताना उगाचच दार ओढून घेतलं. तो खिडकीपाशी उभा होता.

“आता टकटक बंद,” तो म्हणाला. “मग मी... या बाजूलाच आलो तर चालेल? कायमचा?”

माझे डोळे भरून आले होते, ते त्याला दिसू नयेत म्हणून मी पडद्याकडे तोंड केलं. पडदा बंद करायला हवा होता. रिमोटसाठी मी टेबलावर न बघताच हात लांब केला.

रिमोट अलगद माझ्या हातात आला. मागोमाग त्याची खडूने माखलेली बोटंही आली, आणि ती काही परत गेली नाहीत.

“एक्को,” मी म्हटलं.