नावानिशी

"माझ्या लेखाचा खिमा करणारा तो कसाई कोण?" वर्तमानपत्राच्या कचेरीत, कॉफीच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला तिनं तावातावानं विचारलं.

"मीच तो," उपसंपादक म्हणाला. "साखर किती?"

झालं! बाईंना हसू आवरेना. ती विद्यापीठात शिकवायची आणि लिहायची ते सीमेपलीकडच्या एकाच डोंगराळ मुलखावर, म्हणून कचेरीत सगळे तिला 'डोंगरवाली' म्हणत. दर आठवड्याला दोघं तिच्या लेखावर डोकं घालून भांडायची... आणि भांडण संपूच नये, असं त्याला वाटायचं.

"त्या डोंगरांकडे बघतेस, तसं एकदा इकडे बघ की!"

"उंचीला कमी पडतोस रे," ती म्हणायची, आणि तरी बघायचीच.

मग तिला त्या मुलखात राहून अभ्यास करायची परवानगी मिळाली. केवढ्या वर्षांची खटपट! ती नाचायचीच काय ती बाकी होती. त्यानं तोंडभरून अभिनंदन केलं, आणि जिन्यात जाऊन डोळे पुसले.

ती निघायच्या आधीच बातमी आली. तिकडच्या सरकारनं आबांना तुरुंगात टाकलं होतं. आबा म्हणजे तिला तिथली भाषा शिकवणारे म्हातारे मास्तर; शिकत असताना ती त्यांच्याच घरी राहिलेली. संध्याकाळी ती त्या अटकेवरचा लेख घेऊन आली, डोळे सुजलेले.

त्यानं वाचला. हा छापला की परवानगी गेलीच, तो मुलूख तिला कायमचा बंद. म्हणजे ती इथंच... त्याच्यापाशी! मनानं टुणकन उडी मारली, आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं.

"नाव गाळू या," तो कसाबसा म्हणाला. "निनावी छापतो. तू – तू जा."

"निनावी लेखावर कोण विश्वास ठेवणार? आबांना ओळखणारं इथं माझ्याशिवाय आहे कोण?" तिनं आपल्या नावावर बोट ठेवलं. "राहू दे."

लेख तिच्या नावानिशी छापून आला. आठवड्याच्या आत परवानगी रद्द झाली. आबा काही सुटले नाहीत.

त्याच्या खोलीत, खिडकीशी, ती रडून रडून थकून बसली होती. त्याला राहवेना.

"एक सांगू? रागावशील... तू जाणार नाहीस हे कळलं ना, तेव्हा मला आनंद झाला गं. लाज वाटते त्याची. पण फार जीव आहे माझा तुझ्यावर."

तिनं खिडकीबाहेरची नजर काढून त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या खांद्यावर तिनं डोकं टेकलं.

"असू दे रे," ती म्हणाली. "कुणाला तरी होऊ दे आनंद."