विरोधातले हात

नोव्हेंबरातल्या त्या दुपारी इर्मट्राउड फेल्टेन नगरपालिकेच्या दप्तरखान्याला कुलूप लावून निघाली, तेव्हा तिच्या हातात फक्त एका यादीच्या प्रती होत्या. चौक ओलांडला की नगरभवन. सभा सुरू व्हायच्या आत प्रत्येक खुर्चीवर एक प्रत ठेवायची, एवढंच काम होतं.

यादीत त्रेचाळीस नावं होती. सोळाशे अठ्ठावीस साली याच शहराच्या नगरसभेनं चेटूक केल्याच्या आरोपावरून त्रेचाळीस माणसांना जाळलं होतं. बहुतेक बायकाच. एक सुईण, एका पाववाल्याची बायको आणि तिच्या दोन्ही नणंदा, एक आंधळा सारंगीवाला. आजच्या सभेत त्यांना निर्दोष ठरवायचं होतं, आणि ज्या सभागृहात शिक्षा सुनावली त्याच सभागृहात एकेकाचं नाव मोठ्यानं वाचायचं होतं. इर्मट्राउडनं या नावांमागे सोळा वर्षं घालवली होती. त्यांतलं कुणी तिच्या नात्यातलं नव्हतं. त्या खटल्यांचे कागद पहिल्यांदा वाचले तेव्हा तिला राग आला होता, आणि तो आजवर ओसरला नव्हता, इतकंच. महिनाअखेर ती निवृत्त होणार होती. आज वाचली नाहीत तर ती नावं पुन्हा दप्तरखान्यातल्या पेटीत जाणार आणि तिथेच राहणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सभागृहाच्या दारात गेरो लिंडहोर्स्ट उभा होता. नगरसेवक, हसतमुख, चांगल्या घरचा. त्याच्या घराण्याच्या नावाचा गावात रस्ता आहे, शाळा आहे. त्या त्रेचाळीस जणांच्या निकालपत्रावरची पहिली सहीसुद्धा त्याच्याच घराण्यातल्या माणसाची आहे.

"फेल्टेनबाई, प्रती राहू द्या," तो म्हणाला. "मी ठरावाला दुरुस्ती मांडतोय. निर्दोष म्हणू, दोन मिनिटं उभे राहू. नावं तेवढी नकोत."

"का नकोत?"

"लोक आधी नावं ऐकतात, मग सह्या कुणाच्या ते विचारतात. आणि त्या बिचाऱ्यांना आता काय फरक पडतोय?"

इर्मट्राउडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्यांना नसेल पडत. तुम्हाला पडतोय," ती म्हणाली. त्यावर त्यानं हसून तिच्यासाठी दार उघडून धरलं. असली माणसं कधी आवाज चढवत नाहीत. ती दार उघडून धरतात, आणि आपण मुकाट आत जातो.

सभा साडेचारला सुरू झाली. बाहेर धुकं उतरलं होतं, आत दिवे लागले होते, ओल्या कोटांचा आणि फरशीच्या मेणाचा वास कोंडून राहिला होता. इर्मट्राउड चिटणीस टेसमर यांच्या टेबलाशी बसली. टेसमर तीस वर्षं या सभागृहातले हात मोजत आले होते. चिटणीसानं मोजून वहीत शाईनं लिहिलं की तो आकडा महापौरांनाही बदलता येत नाही, ही इथली फार जुनी रीत.

लिंडहोर्स्ट छान बोलला. मृतांची शांतता, आजच्या कुटुंबांची मनं, शहराचं नाव. महापौर आइकहोफबाईंनी दुरुस्ती मताला टाकली. बाजूनं कोण?

छत्तीस माणसं होती, छत्तीस हात वर गेले. दप्तरखान्यात येऊन तिची कॉफी पिऊन गेलेले, ते कागद बघताना डोळे पुसलेले, त्यांचेसुद्धा. इर्मट्राउडला वाटलं, उठून एकेकाचा हात धरून खाली ओढावा.

"विरोधात कोण?" महापौरांनी उपचार म्हणून विचारलं आणि पुढचा कागद उचलला.

टेसमरांनी शून्य लिहायला पेन टेकवलं, सवयीनं मान वर केली आणि त्यांचे ओठ हलू लागले. ते मोजत होते. दहा झाले, वीस झाले, ओठ थांबेनात. मेणाचा वास गेला होता. त्या जागी कुजक्या पेंढ्याचा वास आला, आणि त्याच्याखाली केस करपल्याचा.

इर्मट्राउडनं पाहिलं. नगरसेवकांच्या खांद्यांमधून, खुर्च्यांच्या पाठीमागून, भिंतीच्या कडेकडेनं हात वर झाले होते. मनगटाखाली नजर ठरत नव्हती. प्रत्येक हाताचा अंगठा चेचून चपटा झालेला, नख काळं. ते अंगठे तिच्या ओळखीचे होते. जबानीच्या पानापानावर तेच लिहिलेलं होतं: लोखंडी पकडीत अंगठे आवळले, कबुली नाही. पुन्हा आवळले, कबुली दिली.

ती घाबरली नाही. तिला आनंद झाला. चांगला आनंद नव्हता तो, सूड मिळाल्याचा होता.

"विरोधात... चव्वेचाळीस," टेसमर म्हणाले.

"टेसमरसाहेब, सभागृहात माणसं छत्तीस आहेत," महापौर म्हणाल्या.

"मी दोनदा मोजलंय, बाई... लिहिलंयसुद्धा."

चष्मा बदला असं काहीतरी म्हणून लिंडहोर्स्ट हसला. इतर कुणी हसलं नाही. त्यांना काही दिसत नसावं, पण बरेच जण मान न वळवता ताठ बसले होते, आणि एकानं तर डोळे मिटून घेतले होते. महापौर वहीतल्या ओल्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग कोरड्या आवाजात त्यांनी दुरुस्ती फेटाळल्याचं जाहीर केलं आणि नावं वाचायला सांगितलं.

म्हाताऱ्यानं एक जास्त मोजला, असं मनाशी म्हणत इर्मट्राउड उभी राहिली.

"ओटिलिया रेबश्टोक, सुईण."

खिडकीपाशी एक हात खाली गेला.

"कुनिगुंडे हासे."

दुसरा गेला. तिनं एकही नाव गिळलं नाही, एकही घाईनं उरकलं नाही. प्रत्येक नाव तिनं लिंडहोर्स्टच्या तोंडाकडे बघत वाचलं. हात एकेक करून उतरत गेले, वास विरत गेला. शेवटचा सारंगीवाला, वेंडेल ग्राइफ. भिंतीकडचा त्याचा हात खाली गेला.

एक हात वरच होता.

लिंडहोर्स्टच्या खुर्चीशेजारी, खुर्चीच्या हाताइतक्याच उंचीवर. छोटा. अंगठा शाबूत. इतक्या लहान मुलांचे अंगठे आवळायची गरजच पडत नसे, दटावून विचारलं की ती हो म्हणत.

शहराची शपथ घेतलेल्यांचीच नावं निकालपत्रात चढवायची, अशी त्या काळची रीत होती, आणि शपथ चौदाव्या वर्षी होत असे. इर्मट्राउडला ही रीत पाठ होती. त्याच निकालपत्रावरून तिनं सोळा वर्षं यादी केली, आणि चौदाच्या आतलं कुणी त्या चितेवर असेल, हे तिच्या एकदाही मनात आलं नाही. इतकी वर्षं जपलेला राग फिरून तिच्याच अंगावर आला.

"फेल्टेनबाई, झालं का?" महापौरांनी हळूच विचारलं.

"नाही... एक राहिलंय."

"कोण?"

तिनं कागद उलटला. मागची बाजू कोरी होती. तिनं वर पाहिलं, तर लिंडहोर्स्टजवळ हात नव्हता. तो छोटा हात पहिल्या रांगेच्या पुढे आला होता.

"कुठल्याच कागदात नाही बाळा तुझं नाव," ती पुटपुटली. "तूच सांग... मी लिहिते."

टेबलाच्या पलीकडच्या कडेवर चार छोटी बोटं आली. दुकानातल्या उंच फळीपाशी मूल धरतं, तशी त्यांनी कड धरून ठेवली. टेसमर खुर्चीसकट मागे सरकले. इर्मट्राउड पेन उघडून बसून राहिली, आणि तिच्यासमोर त्या बोटांखालचं लाकूड हळूहळू काळं पडत गेलं.