खंडेनवमीची किल्ली

खंडेनवमीच्या संध्याकाळी मी समईत तेल घालायला शाळेत गेलो होतो. चिंचवडची आमची तंत्रशाळा म्हणजे तेव्हा पत्र्याच्या दोन शेड. माझ्या थोरल्या भावाने, सोपानदादाने, १९५४ साली ती उभी केली. पिंपरीत कारखाने येत होते. आपल्या गावांतल्या मुलांनी तिथे नुसती हमाली करू नये, एवढंच त्याचं म्हणणं. सत्तावनच्या श्रावणात तो गेला आणि शाळा माझ्याकडे आली.

दारात राखणदार भैरू बसला होता.

“जावा आत, मास्तर. पर हत्याराला हात लावू नगा. आज त्यांना सुट्टी हाय. आपल्याला कुठली.”

आत अंधार दाटत होता. झेंडू, ऊद आणि वंगणाचा वास कोंडला होता. मुलांनी पूजा करून लोखंड कातायचा लेथ हारांनी झाकून टाकला होता. दसऱ्याला सकाळी, शाळेला जागा देणारे नानासाहेब स्वतः बटण दाबून तो सुरू करणार होते.

मी तेल ओतत होतो. लेथच्या बाजूने लोखंडावर बोटाच्या पेराची टकटक ऐकू आली. मग हलकेच,

“किल्ली...?”

लेथ सुरू करण्याआधी दादा रोज असंच विचारायचा. काम पकडणारा चक ज्या किल्लीने आवळतात, ती त्यातच राहिली तर यंत्र फिरताच गोळीसारखी सुटते. मुलं एका सुरात उत्तर द्यायची. माझ्याही तोंडून सवयीने गेलं, “काढली, दादा.”

समईची ज्योत हलली नाही. पण त्याच्या तपकिरीचा वास आला, अगदी माझ्या मानेजवळ.

“बघितलीस...?”

मी हार उचलला. किल्ली चकातच होती. तिचीही पूजा व्हावी म्हणून मुलांनी ती जागेवर बसवून, हळदकुंकू वाहून, वर झेंडू घातला होता. सकाळी नानासाहेब नेमके तिच्यासमोर उभे राहणार होते, आणि त्यांच्याभोवती सगळी मुलं.

मी ती काढून घेतली. मग हात जोडले. हत्याराला की दादाला, ते मलाही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी लेथ सुरळीत फिरला. दुःखाचं वर्ष, सोनं न्यायचं नव्हतं. संध्याकाळी नुसताच दादाच्या घरी वहिनींकडे गेलो आणि न राहवून सगळं सांगितलं. म्हटलं, दादाने जाऊनही आपली पोरं राखली.

शालनवहिनी घाबरल्या नाहीत. रडल्याही नाहीत. तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या,

“तरीच, भाऊजी. काल ह्यांना घरी यायला उशीर झाला.”