अपोलोनियाच्या हातचं पीठ

या, या… असे शेगडीजवळ सरकून बसा. दार तेवढं लोटून घ्या, बर्फ आत येतोय. आज एक गोड गोष्ट सांगायची आहे, गोड म्हणजे खरोखरच गोड, मध घातलेली. तिच्यात एक मुलगी आहे, एक ऑर्गन वाजवणारा आहे आणि एक बरणी आहे. बरणीवर लक्ष ठेवा हं, कारण त्या मुलानं ठेवलं नाही!

आमचं गाव विस्तुला नदीच्या काठी. नाताळच्या आधीचे ते प्रभूच्या आगमनाचे आठवडे आले की उजाडायच्या आत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, असते आणि सगळा गाव हातात कंदील घेऊन चर्चकडे निघतो. लांबून पाहिलं तर वाटतं, चांदण्याच खाली उतरून मरियामातेच्या दर्शनाला चालल्या आहेत. अशाच एका पहाटे बोग्ना घाईघाईनं निघाली होती. ती गावच्या शाळेत शिकवते. पोरं तिला भितात कमी आणि चिकटतात जास्त. नदीवरच्या पुलावर वारा असा आला, की तिचा कंदील फुस्सकन विझला. वर काड्यापेटी घरी राहिलेली.

"थांबा, हलू नका…" मागून कुणीतरी म्हणालं.

लाल मफलर गुंडाळलेला एक उंच तरुण तिच्यासमोर येऊन वाकला. त्यानं आपल्या कंदिलाचं दार उघडलं, तळहाताचा आडोसा धरला आणि ज्योतीला ज्योत लावली. क्षणभर दोघांचे चेहरे उजळले. त्याच्या पापण्यांवर बर्फाचे कण होते, आणि ते वितळेपर्यंत बोग्ना बघतच राहिली.

"वाऱ्याशी भांडण झालंय वाटतं तुमचं?"

"वाऱ्याशी नाही, कंदिलाच्या काचेशी. माझ्या बाबांनी बसवली आहे ती."

तो हसला. "आता नाव तरी सांगा."

"दिवा लावून दिला आणि लगेच परतफेड?"

"परतफेड कसली… ओळख."

"चर्चमध्ये या. तिथे सगळ्यांची ओळख होते."

"येतोच आहे. मी नाही आलो तर फादर ओरडतील."

असं का म्हणाला, ते तिला आत गेल्यावर कळलं. ऑर्गन घुमला, तिनं मान वळवून वर पाहिलं, तर सज्जात तोच लाल मफलर! नवा ऑर्गनवादक तिमोन, समुद्राकाठच्या शहरातून आलेला. गात होता तो स्वतःच, आणि असा गात होता की प्रवचनातलं शब्दनशब्द विसरावं, पण ते गाणं घरापर्यंत सोबत यावं. फक्त जरा संथ.

मिस्सा संपल्यावर बोग्नानं त्याला पायऱ्यांवर गाठलं. "तुम्ही फार सावकाश वाजवता हो. आमच्या म्हाताऱ्यांचा श्वास संपतो, तुमची ओळ संपत नाही!"

"काय करू? शेवटच्या सुरावर थांबलो की वरून एक बाक नीट दिसतो."

"कुठला?"

"तुमचा…" असं म्हणून तो स्वतःच मफलरच्या रंगाचा झाला.

*

आमच्याकडे नाताळची भाकर, ती पांढरी, कागदासारखी पातळ, घरोघर पोचवायचं काम ऑर्गनवादकाचं. तिमोन सगळा गाव फिरला आणि बोग्नाच्या घरी सर्वांत शेवटी आला. शेवटच्या घरी चहाला वेळ मिळतो, एवढी अक्कल त्याला होती. बोग्नाचे वडील विन्सेंटी मधमाश्या पाळतात. त्यांनी चहात मध घातला आणि जावयाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. बोग्नानं डोळे वटारले.

"तुमच्या शाळेतल्या मुलांच्या नाताळच्या झाडाचं काय झालं?" तिमोननं विचारलं.

"कसलं काय! सुंठ-मधाची बिस्किटं भाजायची आहेत, रंगवायची आहेत. झेनोबिया मावशीनं कधीचं पीठ मळून आमच्या तळघरात मुरायला ठेवलंय. मला शाळेतून सवड होईल तेव्हा ना…"

 तिमोननं चहा एकदम गटकन संपवला.

आता ऐका. आमच्याकडे घरात मुलगी जन्मली की आई मधाचं, लवंग-दालचिनी-सुंठेचं पीठ मळते आणि बरणीत बंद करून तळघरात ठेवते. मुलीबरोबर पीठही मोठं होतं, आणि तिच्या लग्नात त्याची बिस्किटं भाजतात. बोग्नाची बरणी तिच्या आईनं, अपोलोनियानं, भरली होती. पोर अजून बोबडं बोलत होती तेव्हाच अपोलोनिया देवाघरी गेली. आईचा आवाज बोग्नाला आठवत नाही. आठवण म्हणून उरलं एकच. पीठ भरून झाल्यावर अपोलोनियानं त्याच्यावर आपला पंजा दाबून ठेवला होता. दरवर्षी आईच्या स्मृतिदिनाला बोग्ना तळघरात उतरायची, बरणीची निळी फीत सोडायची आणि त्या ठशावर आपला हात ठेवून उभी राहायची. तोच तिचा फोटो, तीच कबर, तीच कूस.

आणि तळघरात बरण्या होत्या दोन. कळलं ना?

तिमोननं झेनोबिया मावशीला गाठलं. ही बोग्नाची बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता आणि अपोलोनियाची जिवाची मैत्रीण. "मावशी, बोग्ना शाळेतून यायच्या आत मी बिस्किटं भाजून ठेवतो. कुठली बरणी?"

"डावीकडची," मावशी म्हणाली. "आणि सांभाळून रे पोरा, जिना कसला, शिडीच आहे ती. पाठमोरा उतर."

तो पाठमोरा उतरला. उतरून वळलाच नाही. शिडीला धरून उभ्या उभ्याच डावीकडे हात लांब केला.

*

दुपारी बोग्ना गल्लीत वळली आणि थबकली. वास येत होता. झेनोबिया मावशीच्या पिठाचा वास तिला पाठ होता. हा तो नव्हता. हा खोल होता, जुना होता, जुन्या पेटीतल्या शालीसारखा. ती धावतच आत शिरली.

टेबलभर चांदण्या, घोडे, घरं, बदाम! तिमोनच्या नाकाला पीठ, कपाळाला पीठ, आणि चेहरा असा की आता शाबासकी मिळणार. "पीठ जरा हट्टी होतं हो, मळता मळता खांदे गेले. पण वास बघा…"

खुर्चीच्या पाठीवर निळी फीत लोंबत होती.

"वर… पिठावर हाताचा ठसा होता," बोग्नाचा आवाज तिचा तिलाच ऐकू येईना.

"होता ना! मला वाटलं, झेनोबिया मावशीचा. म्हणून मी—"

"माझ्या आईचा होता तो."

तिमोनचा रंग उडाला. काखेत मफलरची काहीतरी गुंडाळी होती, ती त्यानं पुढे केली, तोंड उघडलं…

"जा," बोग्ना म्हणाली. "काही बोलू नका. जा तुम्ही."

तो गेला. धडपडतच गेला, बाहेर बर्फावर पाय घसरल्याचा आवाजही आला. बोग्नानं वळून पाहिलं नाही. तिनं एक चांदणी उचलली आणि दाताखाली धरली. दगड. जुनं पीठ भाजलं की असंच होतं. चांदणी हातात घेऊन ती लहान मुलीसारखी रडली.

संध्याकाळी झेनोबिया मावशी लंगडत आली. सगळं ऐकून कपाळाला हात लावून बसली. "अगं, समोर तोंड करून उभं राहिल्यावर डावीकडची! मेला शिडीलाच मिठी मारून उभा राहिला! समुद्रावर काय, जहाजंसुद्धा असंच चालवतात का?"

एरवी बोग्ना हसली असती.

*

दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या बाकावर, खांबाआड बसू लागली. वरून दिसणार नाही अशी. आणि त्याच दिवसापासून तिच्या उंबऱ्यावर रोज सकाळी एक पुडी दिसू लागली. आत सफरचंदाची सालं, ताजी, लांबच लांब. चिठ्ठी नाही, काही नाही. बिस्किटांच्या डब्यात सफरचंदाची सालं ठेवली की दगडसुद्धा हळूहळू मऊ पडतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिमोनला ते कुणाला तरी विचारावं लागलं असणार.

बोग्ना पुडी उचलायची नाही. बाबा उचलायचे आणि मुकाट्यानं डब्यात टाकायचे.

"त्या पोराची बोटं बघितलीस?" एक दिवस ते म्हणाले. "सालं काढून काढून सगळी कापलीत. काल स्तोत्रात दोन सूर चुकले. फादरना वाटलं, उंदीर शिरला ऑर्गनमध्ये."

"बाबा, तुम्हांला काहीच वाटत नाही का हो? आईचं तेवढंच तर उरलं होतं."

विन्सेंटींनी मेणाचा गोळा हातात फिरवला.

"वाटतं गं बाळ. मी तर त्या बरणीकडे बघायलाही उतरत नव्हतो. पण खरं सांगू? तुझ्या आईनं ते पीठ जपून ठेवायला मळलंच नव्हतं. भाजायला मळलं होतं. कुणीतरी खावं, बोटं चाटावीत म्हणून. आपण दोघांनी तिला तळघरात ठेवलं."

 दुसऱ्या दिवशी पुडी बोग्नानं उचलली.

मग झेनोबिया मावशीनं हुकूम काढला: "पोरांनी झाडाला काय टांगायचं, तुमचा रुसवा?" आपल्या बरणीतल्या पिठाची बिस्किटं तिनं भाजून आणली आणि रंगवायला दोघांना चर्चच्या दालनात बसवलं, टेबलाच्या या टोकाला एक, त्या टोकाला एक, मध्ये मावशी.

"मावशी, त्यांना सांगा, आयसिंग पातळ झालंय," बोग्ना म्हणाली.

"तिमोन, आयसिंग पातळ झालंय."

"मावशी, त्यांना सांगा, माझ्या डोळ्यांतलं पाणी पडतंय त्यात."

"हे मी नाही सांगत. तुझं तूच सांग," असं म्हणून मावशी साखर आणायला म्हणून उठली, आणि साखर टेबलावरच होती.

तिमोन कागदाच्या कोनातून घोड्याला आयाळ काढत होता. आयाळ कमी, शेवया जास्त. बोग्नाला राहवेना. ती उठली, त्याच्या हातावर हात ठेवून कोन तिरपा केला. "असा… दाबायचा कमी, सोडायचा जास्त. ऑर्गनच आहे असं समजा." पांढरी रेघ सुळकन उतरली. तिनं हात लगेच काढला नाही. त्याच्या बोटांवर चिकटपट्ट्याच चिकटपट्ट्या.

"बोग्ना… मी सुट्टीनंतर परत शहराकडे जातोय. फादरना सांगितलंय. तुम्हांला रोज खांबाआड बसावं लागतं, ते बरं नाही."

तिचा हात थांबला. थांबा म्हणावंसं वाटलं… पण शब्द त्या आयसिंगसारखाच कोनाच्या टोकाशी येऊन सुकला.

*

नाताळच्या आदल्या दिवशी टेबलावर पांढरा कपडा, कपड्याखाली गोठ्यातलं गवत, बिटाचं सार, मासा, आणि एक ताट जास्तीचं. ते अवचित येणाऱ्यासाठी मांडायचं, आणि त्या संध्याकाळी दारात जो कोणी येईल त्याला नाही म्हणायचं नाही. पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, म्हणून झेनोबिया मावशी खिडकीशी नाक लावून ती शोधत होती.

"दिसली!" ती ओरडली, आणि त्याच वेळी दार वाजलं.

दारात तिमोन. मफलर गळ्यात नाही, हातात. लहान बाळ धरावं तसा धरलेला.

"जेवायला नाही आलो. हे द्यायला आलो. त्या दिवशीच द्यायचं होतं… पण अंगणात घसरून पडलो आणि तुकडे झाले. सांधायला गेलो तर टिकेना. आधी मऊ पडावं लागतं, मगच सांधता येतं. म्हणून इतके दिवस…"

त्यानं मफलर सोडला. आत पंजा होता. ठसा मोडवेना म्हणून त्यानं पिठाचा वरचा थर अलगद कापून तसाच्या तसा भाजला होता, मावशीला चिडवायला द्यावा म्हणून. अपोलोनियाचा हात! मधोमध गेलेल्या भेगेवर साखरेची पांढरी रेघ, तळहातावरच्या आयुष्यरेषेसारखी.

 विन्सेंटींनी डोळ्यांना हातरुमाल लावला. बोग्नानं त्या ठशावर आपला हात ठेवला, दरवर्षीच्या सवयीनं डोळे मिटून… आणि उघडले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "उजेडात पहिल्यांदाच बघतेय. आईचा हात माझ्याहून लहान होता."

मग तिनं नाताळची भाकर उचलली, तिमोनपुढे धरली. आमच्याकडे जेवणाआधी ती एकमेकांच्या हातातली मोडून घेतात, माफी मागतात, शुभ चिंततात. तिमोननं तुकडा मोडला.

"माफ कर," तो म्हणाला. "म्हणजे… करा—"

"कर म्हण," बोग्ना म्हणाली. "आणि शहराकडे जाऊ नकोस."

"मग राहून काय करू?"

"आधी डावं-उजवं शीक."

"शिकव. आयुष्यभर लागेल मला… मी मठ्ठ आहे. आणि बोग्ना, माझं तुझ्यावर—"

"सार निवतंय!" झेनोबिया मावशी ओरडली. "अरे, लग्नाचं पीठ भाजून मोकळा झालास, आता विचारायचं काय राहिलंय? बस ताटावर!"

तो बसला, त्या जास्तीच्या ताटावर. जेवणानंतर डबा उघडला. चांदण्या अशा मऊ झाल्या होत्या, की दात लागायच्या आधी जिभेवर विरघळल्या. विन्सेंटींनी बोटं चाटली, एकेक करून, सगळी.

पुढे उन्हाळ्यात लग्न झालं. लग्नात बिस्किटं झेनोबिया मावशीच्या बरणीत उरलेल्या पिठाची होती, आणि चांगली होती. खोटं कशाला बोलू? बोग्ना पुन्हा तिच्या जुन्या बाकावर बसते आणि आमच्या म्हाताऱ्या अजून धापा टाकतात, कारण शेवटचा सूर काही लवकर संपत नाही. आता तळघरात नवी निळी फीत बांधलेली एक बरणी आहे. पाळण्यातल्या पोरीसाठी पीठ दोघांनी मळलं, आणि वर हात दाबला तोही दोघांनी, एकावर एक. आणि दर नाताळला त्यांच्या झाडावर, सगळ्यांत वर, भेगेवर साखरेची रेघ असलेला तो पंजा असतो.

मी तुमच्याकडे काही मागत नाही, बायांनो आणि बाबांनो. फक्त पुढच्या वेळी पिठात हात घालाल, तेव्हा मळून झाल्यावर क्षणभर थांबा, पंजा त्याच्यावर टेकवा, आणि अपोलोनियाची आठवण काढा. तिच्यासाठी देवाजवळ एक शब्द टाका. फार नाही… तो पिठाचा उंडा हाताखाली उबदार लागेस्तोवर.