तेल सुटलेला मसाला

“पाणी! पाणी द्या रे कुणीतरी!”

रामहरी आजोबांनी आमटीचा पहिला भुरका मारला आणि ताट सोडून थेट माठाकडे धाव घेतली. त्यांचा नातू ऋतुराज, त्याची मैत्रीण सिद्धेश्वरी ऊर्फ सिद्धी आणि तिचा धाकटा भाऊ गुरू जेवून किल्ल्यावर जायच्या बेतात होते. तिघांचे घास हातातच राहिले.

“एवढं काय!” म्हणत गुरूने आमटीत बोट बुडवून चाटलं. पुढच्याच क्षणी तो आजोबांच्या मागे माठापाशी उभा होता!

“बघा, हा ईरम्माचा काळा मसाला!” ऋतुराजची आज्जी बजाबाई कडाडल्या.

ईरम्मा म्हणजे सिद्धीची चिगव्वा, म्हणजेच धाकटी मावशी. बचत गटाचा काळा मसाला दर उन्हाळ्यात तीच करायची आणि त्यांच्या बाळीवेस पेठेत त्याचं मोठं नाव होतं. यंदा ती नणंदेच्या बाळंतपणाला अक्कलकोटला अडकली, म्हणून तिने फोनवर आवाजी निरोप पाठवून प्रमाण कळवलं आणि बजाबाईंनी मसाला करून घेतला.

“मुद्दाम खोटं सांगितलं तिनं! आपला हात दुसऱ्या कुणाला येऊ न्हाय म्हणून! आज पाचला गटाची बैठक हाय. ती बी येतीय. तोंडावर सांगून गटातनं तिचं नाव काढून टाकते की न्हाय बघा!”

सिद्धीला रडूच फुटायचं बाकी होतं. “चिगव्वा खोटं बोलत नाही, आज्जी!”

“मग ह्यो जाळ कुठनं आला?”

घड्याळात दीड वाजला होता. किल्ला राहिला बाजूला!

सिद्धीने मसाल्याचा डबा उघडून नाक आत घातलं. काहीतरी चुकत होतं. “ऋतू, यात धन्यांचा वासच नाही! चिगव्वा तर सगळ्यात जास्त धनेच घालते. ती म्हणते, धने थंड असतात, म्हणून तिचं तिखट झणझणीत असून पोटाला बाधत नाही.”

“आणि हे बघ!” गुरू ओरडला. त्याने चिमूटभर मसाला वर्तमानपत्रावर टाकला होता. कागदावर तेलाचा भलामोठा डाग!

“मसाल्याला तेल सुटलंय? चला डंकावर!” ऋतुराज चप्पल घालतच पळाला.

भर उन्हात तिघे चन्नप्पाच्या डंकावर पोचले. तिथे मिरची कुटायचं यंत्र धाडधाड चालू होतं. आत पाऊल टाकताच तिघांना शिंकांनी गाठलं. “आज्जीचा मसाला? आठवतंय की!” चन्नप्पा यंत्रापेक्षा मोठ्या आवाजात बोलला. “सारखा मुसळाला चिकटत होता. खरवडून खरवडून हात दुखले! मी म्हटलं बी, बाई, मसाला हाय का तिळाचे लाडू? तर म्हणाल्या, गप, ते गुपित हाय! मग मी गप बसलो.”

“तीळ!” तिघे एकदम म्हणाले.

ऋतुराज पळत घरी गेला आणि आज्जीचा फोन घेऊन आला. आज्जीच्या फोनवर गेम खेळण्यात तो तरबेज होता, त्यामुळे ईरम्माचा आवाजी निरोप सापडायला त्याला वेळ लागला नाही. “मिरची दोन किलो, हवीज तीन किलो, खोबरं…”

“हावरी तीन किलो! बरोबरच आहे की,” ऋतुराज हिरमुसला. “आमच्या गावाकडं, करकंबला, तिळाला हावरी म्हणतात. म्हणजे तुझ्या चिगव्वानंच…”

सिद्धीने त्याचा हात घट्ट धरला. “परत लाव! अरे वेड्या, हावरी नाही, ह-वी-ज! आमच्या घरी कन्नडमध्ये धन्यांना हवीज म्हणतात. अक्कलकोटला आठवडाभर कन्नड बोलून चिगव्वाच्या तोंडात तेच बसलंय!”

“आणि आज्जीनं ऐकलं हावरी!” ऋतुराजने कपाळावर हात मारला.

“चला, सांगून टाकू!” गुरू निघालाच.

“थांब,” सिद्धी म्हणाली. “आज्जी आपलं ऐकतील? त्यांच्या जिभेला सांगू.”

घरी बजाबाई बैठकीची बोलावणी करायला बाहेर गेल्या होत्या. आमटी म्हटल्यावर आजोबांनी आधी हातच जोडले, पण बेत ऐकून ते मिशीतल्या मिशीत हसले आणि त्यांनी स्वतः स्टोव्ह पेटवला. सिद्धीने धने मंद आचेवर भाजले, ऋतुराजने ते खलबत्त्यात कुटले. तो मसाला थोडा, धने भरपूर. आमटीला फोडणी बसली तेव्हा शेजारच्या दोन बायका “काय केलंय गं?” म्हणत डोकावून गेल्या!

पाच वाजता ओसरीवर गटाच्या बायका जमल्या. ईरम्मा नुकतीच गाडीतून उतरून आली होती. ईरम्माने खोटं प्रमाण सांगितलं, असं बजाबाईंनी आधीच सगळ्यांना सांगितलं होतं, म्हणून कुणी तिला पाणीही विचारलं नाही. बजाबाईंनी वही उघडली, तेवढ्यात सिद्धीने त्यांच्या पुढ्यात वाटी ठेवली. “आधी एवढं चाखा, आज्जी.”

बजाबाईंनी भुरका मारला. मग दुसरा मारला. वाटी रिकामी करून त्या म्हणाल्या, “व्हय, ह्येला म्हणतात काळा मसाला! कुठनं आणला गं?”

“तुमचाच आहे! फक्त राहिलेले धने घातले.” सिद्धीने निरोप लावला. ‘हवीज’ शब्दापाशी तिने तो थांबवला आणि अर्थ सांगितला.

ओसरीवर एकच हशा पिकला! हसल्या नाहीत त्या फक्त बजाबाई.

“धनं न्हायीत म्हटल्यावर मला वाटलं, धन्यांऐवजी तीळ, हेच तिचं गुपित! विचारायचं सोडून मीच हुरळले.” त्या उठून ईरम्मासमोर उभ्या राहिल्या. “समद्यांच्या देखत तुला खोटी म्हटलं ईरम्मा. समद्यांच्या देखतच सांगते, चूक माझी.”

ईरम्माने डोळ्यांना पदर लावला. “माझं बी चुकलंच की अक्का. कुणापुढं काय बोलतोय, ते मला कळायला पायजे होतं. मसाला फेकू नका. धनं भाजून घालू, नीट होतंय सगळं.”

“पोरांनी लाज राखली गटाची!” बजाबाईंनी तिघांच्या पाठी थोपटल्या. “आता उद्या धनं कोण भाजणार?”

ईरम्माने सिद्धीला जवळ ओढलं. आजवर धने भाजायच्या कढईपाशी तिने कुणालाच बसू दिलं नव्हतं.

“ही बसंल,” ती म्हणाली. “आमी तिच्या हाताखाली.”