गॅब्रिएलचा डावा हात

गॅब्रिएल तुस्कानोला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो शाळेच्या कँटीनपाशी डाव्या हाताने वडापाव खात होता. अर्धी चटणी शर्टावर. उजवा हात प्लॅस्टरमध्ये... चर्चच्या मैदानात फुटबॉल खेळताना असा मोडलेला, की बोर्डाच्या परीक्षेपर्यंत त्या हाताने लिहिणं बंद. मी फिस्सकन हसले.

"ज्ञानदा, हसतेस काय?" मागून सदानंद सर. "बोर्डाला याची लेखनिक तूच!"

तो दहावीत, मी नववीत. लेखनिक खालच्या वर्गातलाच लागतो, आणि शाळेत माझ्याइतकं सुंदर अक्षर कुणाचंच नाही. खरं आहे, म्हणून सांगते.

"पण आधी डावा हात जमतो का बघू," सर म्हणाले. "नाताळच्या सुट्टीनंतर ठरवतो. तोवर तूच गिरवून घे त्याच्याकडून."

मग रोज शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत तो, मी आणि दुरेघी वही.

"हा हात ऐकतच नाही गं माझं!"

"हाताचा काय दोष? मेंदूतल्या पेशींची अजून ओळख व्हायचीय," मी लायब्ररीतलं ज्ञान पाजळलं. "एक पेशी धागा पुढे करते, दुसरीला निरोप देते. तेच तेच केलं की जोड पक्का होतो. जे जोड वापरातच नाहीत, ते मेंदू छाटून टाकतो."

"गिरीजला आमच्या वाडीत डॅडी केळीची जादा पिलं काढतात, तसं?"

"तसंच..."

त्याने मान वर केली. त्याचे डोळे मधाच्या रंगाचे आहेत. याचा विज्ञानाशी संबंध नाही, केवळ निरीक्षण.

हळूहळू वेलांट्या वळल्या, ओळ सरळ झाली. मला आनंद झाला... पण अर्धाच. तो स्वतः लिहायला लागला, तर परीक्षेत त्याच्या शेजारी मी कशाला?

सुट्टीनंतर सरांनी उतारा लिहायला दिला. गॅब्रिएलने नुसते कोंबडीचे पाय काढले!

"लेखनिकाचा अर्ज आणतो," म्हणत सर बाहेर गेले.

"काल तर छान लिहीत होतास!"

"विसरलो..."

"इतके दिवस गिरवलेलं एका रात्रीत पुसत नाही, गॅबी. मुद्दाम केलंस!"

त्याचे कान लाल झाले. "तू शेजारी बसशील म्हणून—"

मला 'बरं' म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं.

"माझी भूमिती कच्ची आहे," मी म्हटलं. "तुझी सगळी प्रमेयं बुडवीन मी. नीट लिही."

त्याने लिहिलं. सर आले, कागदाकडे बघतच राहिले. "मघाशी काय झालं होतं रे?"

"बोटं गारठली होती, सर."

सरांनी अर्ज घडी करून खिशात टाकला नि ते गेले.

"गेली तुझी नोकरी," गॅब्रिएल पुटपुटला. मग म्हणाला, "पेपर सुटला की रोज सेंटरवरून इथे येईन. गेटवर."

"प्रश्नपत्रिका दाखवायला?"

"नाही... तुला बघायला."

मी दप्तर आवरलं. उगाच दोनदा.

"गेटवर नको. वॉचमनकाका फार चौकशा करतात. सायकल स्टँडपाशी थांब."