तिमारचं नाणं

दादा गेल्यावर महिन्याभरानं धाकटा वहिनींकडे गेला, तो दादाच्या नाण्यांची यादी करायला. त्याचा जन्म संग्रहालयात नाणी पारखण्यात गेलेला, तेव्हा हे काम ओघानंच त्याच्याकडे आलं होतं. दुपारची वेळ होती.

दोन पेट्या सरळ निघाल्या. तिसरीत कापसात एकच नाणं होतं, तिमार साम्राज्याचं. ते साम्राज्य बुडून दीड हजार वर्षं झाली. त्याची नाणी धाकट्यानं फक्त चित्रांत पाहिली होती. एका अंगाला डोळे मिटलेली राणी, दुसऱ्या अंगाला बंद दार. सवयीनं त्यानं ठसा घ्यायला मेण मळलं.

“ठसा घेऊ नका, भावोजी,” वहिनी म्हणाल्या. “ह्यांनी शेवटी शेवटी तेवढंच केलं... रोज एक.”

त्यांनी टेबलाचा खण ओढला. आत मेणाच्या एकोणीस चकत्या होत्या, तारखा घातलेल्या. खणातून ओल्या मातीचा वास आला. पहिल्या ठशात दार बंद. पाचव्यात किलकिलं. बाराव्यात अर्धं उघडं. शेवटच्या ठशात सताड उघडं, आणि उंबरठ्यावर कुणीतरी उभं, एक पाय बाहेर टाकलेला. त्यावर दादा गेला त्याच दिवसाची तारीख होती.

नाण्यावरचं दार मात्र बंदच होतं.

“दादानं मेण कोरलं असेल,” धाकटा म्हणाला. पण दादाचा हात तर सही करतानाही कापायचा.

“काहीही असो, घेऊन जा ते. मला अजून ह्या घरात राहायचंय.” एवढं बोलून वहिनी स्वयंपाकघरात गेल्या.

धाकट्याला राहवलं नाही. त्यानं नाणं मेणावर दाबलं आणि अलगद उचललं. दार बंद. उंबरठा रिकामा. त्याला हायसं वाटलं. मग त्यानं भिंग लावलं.

दाराला कडी होती. नाण्यावर ती नव्हती, आधीच्या एकाही ठशात नव्हती. आणि ती बाहेरून घातलेली होती. जे कोण होतं, ते बाहेर पडून आपल्यामागे दार लावून गेलं होतं.

“आणखी पाणी हवंय का, भावोजी?” वहिनींनी आतून विचारलं.

“मी कुठे मागितलं?”

“असं काय करता? आत्ताच तर येऊन भांडं घेऊन गेलात, माझ्या हातून...”

धाकटा खुर्चीतून उठलाच नव्हता. बाजूच्या खोलीत कुणीतरी रिकामं भांडं फरशीवर ठेवलं, अगदी सावकाश.

“भावोजी...” वहिनींचा आवाज जेमतेम ऐकू आला. “तुम्ही टेबलापाशीच आहात ना?”